नट निघाला, बोल्ट निघेना: किनाऱ्यावरच्या मोटरसायकलचा जाम झालेला फाउंडेशन बोल्ट

इंजिन उतरवायचे म्हणून साखळी, सायलेन्सर, कार्ब्युरेटर आणि वायरिंग सुटे केले, पुढचे बोल्टही निघाले, आणि इंजिनाला चेसीशी (गाडीच्या सांगाड्याशी) जखडणारा मागचा लांब फाउंडेशन बोल्ट मात्र नट काढून झाल्यावरही जागचा हलत नाही, ही तक्रार अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या गॅरेजांना नवी नाही. घाटावर वापरलेल्या गाडीचा हाच बोल्ट सहसा चार ठोक्यांत बाहेर येतो. येथे काही पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीत तो क्रँककेसशी, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाशी, एकजीव होऊन बसतो. अशा वेळी हाताशी असलेला सर्वांत मोठा हातोडा उचलण्याचा मोह होतो, आणि नुकसान बहुतेक वेळा त्याच क्षणी होते. बोल्ट नेमका कुठे व कशाने धरला आहे हे ठरवल्याखेरीज त्यावर जोर लावू नये, आणि चेसी, क्रँककेस व बोल्ट या तिघांत बोल्ट सर्वांत स्वस्त आहे हे कामाच्या कोणत्याही टप्प्यावर विसरू नये. क्रँककेसचा कान (बोल्टचे भोक असलेला पुढे आलेला भाग) तुटला तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. इंजिन क्रमांक क्रँककेसवरच कोरलेला असल्यामुळे ती बदलल्यास आरटीओकडील नोंदही बदलून घ्यावी लागते.

धरून ठेवणारी वस्तू तांबडी नसून पांढरी असते

बोल्ट पोलादाचा आणि क्रँककेस ॲल्युमिनियमची असते. हे दोन धातू एकमेकांना टेकलेले असताना त्यांच्यामध्ये खारे पाणी आले की विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. एरवी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो त्याचे रक्षण करतो, परंतु मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी फोडते. झिजेतून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, आणि बोल्ट व भोक यांच्यामधली फट केसाएवढी असल्यामुळे ही भुकटी तिथे ठासून बसते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळते. त्यामुळे गाडी महिनाभर शेडमध्ये उभी असली तरी फटीतली क्रिया थांबत नाही. पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यावरची हवा या मर्यादेच्या वरच असते.

मीठ तेथे पोहोचते कसे, हेही पाहिले पाहिजे, कारण बोल्ट काढून नवा घातल्यावर तीच परिस्थिती कायम राहिली तर दुखणे पुन्हा येणार हे ठरलेले आहे. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ किंवा आगरदांडा–दिघी अशा फेरीबोटींवर गाडी चढवताना-उतरवताना रॅम्पवरचे खारे पाणी चाकाने थेट इंजिनाखाली उडते. हर्णै-गुहागरच्या पुळणीवर गाडी फिरवण्याची हौस असते ती वेगळीच. सर्वांत वाईट अवस्था मासळी वाहणाऱ्या गाड्यांची असते: मागच्या क्रेटमधला बर्फ वितळून मासळीचे खारे पाणी ठिबकत राहते आणि पुष्कळदा ते नेमके मागच्या फाउंडेशन बोल्टच्या आसपास झिरपते. त्यावर जांभ्याच्या तांबड्या चिखलाचा लेप बसला की तो ओल धरून ठेवतो आणि बाहेरून सगळे झाकूनही टाकतो.

या रसायनाचा कामाच्या दृष्टीने अर्थ असा की, गंज सोडवण्यासाठी आपण जे तेल मारतो ते या पांढऱ्या भुकटीला विरघळवत नाही. रॉकेल, डिझेल, डब्ल्यूडी-४० किंवा दुसरे कोणतेही भेदक तेल फक्त भेगांतून आत शिरून घर्षण कमी करते, आणि भुकटी घट्ट दाबलेली असेल तर भेगाच नसतात. त्यामुळे रात्रभर तेल मुरवले तरी बोल्ट हलत नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. आधी भुकटीचा थर कशाने तरी तडकला पाहिजे, मग तेल उपयोगी पडते. कॉस्टिक सोडा किंवा संडास धुण्याचे ॲसिड ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये, कारण ही दोन्ही द्रव्ये भुकटीबरोबर क्रँककेसचा धातूही खातात.

निदान: दोन्ही टोकांना रंगाची खूण

सुरुवातीला पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, कार्ब्युरेटर रिकामा करावा, बॅटरीची ऋण बाजू सोडवावी आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंचा चिखल तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा. इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकने किंचित आधार द्यावा, इतकाच की इंजिनाचे वजन बोल्टवरून उतरेल. पुष्कळ ‘जाम’ बोल्ट प्रत्यक्षात जाम नसून इंजिनाच्या वजनाने चिमटलेले असतात आणि जॅक दोन-चार मिलिमीटर वर-खाली करताच सुटतात. बोल्ट कोणत्या बाजूने बाहेर यायचा आहे, त्या वाटेत ब्रेकचे पेडल, फूटरेस्ट किंवा साखळीचे कव्हर आड येते का, हेही आत्ताच पाहून घ्यावे.

त्यानंतर बोल्टच्या डोक्यावर आणि आट्यांच्या टोकावर ऑइल पेंटने एकेक रेघ मारावी, आणि तिच्यासमोर चेसीवरही एक. सहा कोनी सॉकेट डोक्यावर नीट बसवून सावकाश जोर द्यावा व दोन्ही टोकांच्या रेघांकडे पाहावे. या कामी बारा कोनी रिंग पाना वापरू नये. गंजलेल्या डोक्याचे कोपरे तो गोल करून टाकतो, आणि डोके गोल झाले की फिरवण्याचा मार्गच बंद होतो.

दोन्ही रेघा एकदम फिरल्या तर अर्धे काम झाले. बोल्ट फिरतो पण सरकत नाही, याचा अर्थ त्याच्या टोकाला बूर (धातूची उठलेली कड) आली आहे, तो वाकला आहे किंवा इंजिनाचा भार अजून त्यावर आहे. वाकलेला बोल्ट फिरवताना प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी जड जातो, त्यावरून तो ओळखता येतो. डोक्याकडची रेघ हलली आणि पलीकडची हलली नाही, तर मात्र तत्काळ थांबावे: बोल्ट आतल्या आत पिळला जात आहे. १० मिलिमीटरच्या आणि डोक्यावर ८.८ असा ताकदीचा शिक्का असलेल्या बोल्टला बसवताना साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर जोर लागतो आणि ६५ ते ७०च्या आसपास तो पिळवटून तुटू शकतो. ८ मिलिमीटरच्या बोल्टच्या बाबतीत हा तुटण्याचा आकडा त्याच्या निम्म्यावर येतो. पान्याला लांब पाइप लावला की ही मर्यादा कधी ओलांडली ते हाताला कळतही नाही.

काही वेळा बोल्टबरोबर इंजिनच हलू पाहते. ही शुभ खूण मानावी, कारण चेसीच्या भोकांत बोल्ट मोकळा असून फक्त क्रँककेसमध्ये धरला आहे हे त्यातून निश्चित होते. आणखी एक अपवाद लक्षात घ्यावा: काही गाड्यांत इंजिनाच्या कानात रबरी बुश असतो आणि बोल्ट त्याच्या पोलादी नळीत गंजून बसतो. तिथे डोके फिरवल्यावर रबर करकरते व सोडताच डोके मागे येते. अशा बोल्टवर पीळ आणि उष्णता दोन्ही वाया जातात. बुश बदलायचाच आहे असे धरून थेट कापण्याकडे वळावे. काही बोल्टच्या डोक्याला चेसीला अडणारा चपटा भाग असतो, त्यामुळे ते जागेवर फिरूच शकत नाहीत. तो भाग ग्राइंडरने घासून काढल्याशिवाय वरील परीक्षा घेता येणार नाही.

आधी फिरवणे, मग ढकलणे

ठोकल्याने भुकटीचा थर अक्षाच्या दिशेने आणखी दाबला जातो. फिरवल्याने तो कापला जातो. म्हणून जोपर्यंत फिरवण्याची शक्यता आहे तोपर्यंत ठोकण्याची घाई करू नये. डोक्याला डावी-उजवीकडे थोडा-थोडा झोका द्यावा, दर वेळी रेघा तपासाव्यात, आणि एखाद्या अंशाने का होईना दोन्ही टोके एकत्र हलू लागली की तेव्हाच तेल सोडावे. मोकळ्या झालेल्या भेगांतून ते आता आत जाईल. तेल मधोमध पोहोचावे यासाठी गाडी एका कुशीवर गादीवर आडवी करून वरच्या टोकाभोवती एम-सील किंवा मळलेल्या मातीचे छोटे आळे बांधावे व त्यात तेल साचू द्यावे. दुसऱ्या दिवशी कूस बदलावी. अर्थात टाकी, बॅटरी आणि इंजिन ऑइल त्यापूर्वी काढलेले असले पाहिजे.

उष्णता हा या कामातला सर्वांत गुणकारी आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने वापरला जाणारा उपाय आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो: प्रत्येक अंश सेल्सिअसला एका मीटरमागे ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन, तर पोलाद सुमारे १२. १० मिलिमीटरच्या भोकात १०० अंशांच्या वाढीने मिळणारा फरक जेमतेम एक शतांश मिलिमीटर असतो, परंतु भुकटीचा थर तडकवायला तेवढा पुष्कळ होतो. म्हणून तापवायचा तो क्रँककेसचा कान, बोल्ट नव्हे. गॅसच्या ज्योतीने बोल्ट लाल करणारे कारागीर नेमके उलटे करतात. बोल्ट फुगतो व अधिक घट्ट बसतो, आणि ज्योत सरकली तर ॲल्युमिनियम लाल न होताच एकाएकी ढासळतो, त्यामुळे धोक्याची सूचना डोळ्यांना मिळत नाही. हीट गन वापरावी, कान सर्व बाजूंनी सारखा तापवावा आणि १२० ते १५० अंशांच्या पुढे जाऊ नये. पुढच्या स्प्रॉकेटमागचे ऑइल सील जवळ असते, त्यावर ओले फडके ठेवून ते भिजलेले राहील असे पाहावे.

कान तापलेला असतानाच डोक्याला झोके द्यावेत. थंड होऊ देताना, पाण्याचा थेंब टाकला असता तो चुरचुरत नाही इतके तापमान उतरले की तेल सोडावे. आकसणाऱ्या फटीत ते ओढले जाते. त्याहून गरम धातूवर तेल फवारले तर ते पेटू शकते. तापवणे, हलवणे, तेल, थंड होऊ देणे हा क्रम पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि त्यात एखादा दिवस जातो. घाईचे गिऱ्हाईक असेल तर त्याला हे आधीच सांगितलेले बरे.

यातूनही डोके फिरेना, पण बोल्ट चेसीत मोकळा असल्याचे दिसले असेल, तर इंजिनालाच पाना करावा. बाकीचे सर्व फाउंडेशन बोल्ट काढावेत, एक्झॉस्ट, साखळी, क्लच केबल आणि वायरी पूर्ण सुट्या झाल्याची खात्री करावी, बोल्टचे डोके चेसीवर पान्याने अडवून धरावे आणि जॅकच्या साहाय्याने इंजिनाचा पुढचा भाग थोडा वर, थोडा खाली असा डोलवावा. वीस-पंचवीस किलोंचे इंजिन हे येथे हातभर लांबीचे तरफेचे टोक असते, आणि पीळ बोल्टच्या डोक्याऐवजी थेट जाम झालेल्या जागी पोहोचतो. हालचाल लहान ठेवावी, कारण मागचा कान चेसीवर आदळता कामा नये.

ठोकायचेच असेल तर

बोल्ट फिरू लागल्यावर किंवा निदान थर तडकल्याचे जाणवल्यावर ठोकण्याला अर्थ येतो. नट आट्यांच्या टोकाशी समतल होईल इतका परत चढवावा, म्हणजे घाव आट्यांवर न पडता नटावर विभागला जाईल. पुष्कळ हलक्या ठोक्यांनी टोक छत्रीसारखे पसरते आणि मग ते भोकातून जातच नाही. त्यापेक्षा किलोभर वजनाच्या हातोड्याचे मोजके, सरळ ठोके द्यावेत. बोल्ट ज्या बाजूने बाहेर येणार त्या बाजूच्या चेसीच्या कानाला दुसऱ्या माणसाने जड घण टेकवून धरावा, नाहीतर ठोक्याची निम्मी शक्ती कान वाकवण्यात खर्च होते. बोल्ट आत गेल्यावर त्यामागे त्याच्यापेक्षा मिलिमीटरभर बारीक पितळेचा दांडा लावावा. पोलादी पंच तिरका झाला तर ॲल्युमिनियमचे भोक खरवडतो.

यापेक्षाही मला ओढण्याची पद्धत अधिक भरवशाची वाटते. बोल्टचे डोके ग्राइंडरने पूर्ण उडवावे, चेसी व क्रँककेस यांच्यामधली फट पातळ पत्र्यांनी भरावी, आट्यांना ग्रीस लावून त्यावर जाड वायसर आणि नवा, चांगल्या प्रतीचा नट चढवावा व तो आवळत जावा. डोके नसल्यामुळे नट बोल्टला स्वतःकडे ओढतो. आटे संपत आले की नट काढून मध्ये पाइपचा तुकडा घालावा आणि पुन्हा आवळावे. १० मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला अशी तीन टनांच्या आसपास ओढ सहन होते, आणि ही ओढ हातोड्याच्या घावासारखी क्षणिक नसते. ओढ लावून ठेवून कान तापवला, की पुष्कळदा टक् असा आवाज होऊन बोल्ट सुटतो. आटे आधीच गेलेले असतील तर हा मार्ग बंद होतो, म्हणूनच सुरुवातीला उघड्या आट्यांवर थेट हातोडा मारू नये.

कापण्याचा निर्णय

दिवसभराच्या तापवण्यानंतरही दोन्ही रेघा जागच्या जागी असतील किंवा डोके पिळले जात असेल, तर पुढची झटापट व्यर्थ आहे असे समजून बोल्ट कापावा. चेसी आणि क्रँककेस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना जी मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट असते तिच्यात हॅक्सॉचे नुसते पाते घालून, एका टोकाला फडके गुंडाळून कापता येते. वेळ जातो, पण पाते क्रँककेसवर चालले तर लगेच कळते. ग्राइंडरची चकती तिथे नेऊ नये. फटीत कॉलर (अंतर राखणारी छोटी नळी) असेल तर ती बोल्टसह कापावी, ती नवी मिळते. दोन्ही काप पूर्ण झाल्यावर इंजिन बोल्टच्या तुकड्यासह खाली येते आणि प्रश्न गाडीखालून लेथवाल्याच्या टेबलावर जातो.

तेथे हायड्रॉलिक प्रेसवर तुकडा निघाला तर उत्तम. प्रेसखाली कानाला दोन्हीकडून नीट आधार दिलेला आहे याकडे स्वतः लक्ष द्यावे, कारण ओतीव ॲल्युमिनियम वाकत नाही, सरळ तडकतो. प्रेसनेही न निघाल्यास तुकड्याच्या मधोमध दोन्ही टोकांकडून भोक पाडावे लागते, आणि येथे हातातले ड्रिल मशीन चालत नाही. लांब ड्रिल कठीण पोलादाकडून मऊ ॲल्युमिनियमकडे हमखास सरकते. बारीक ड्रिलपासून सुरुवात करून आत पातळ नळी उरेपर्यंत जावे. मग ती नळी छन्नीने आत दुमडते व भुकटीसह गळून पडते. कान आधीच तडकला असेल तर त्याला आर्गॉन वेल्डिंग लागते, आणि ते करून भोक पुन्हा बोअर करणारा कारागीर शोधण्यासाठी चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळपर्यंत जाण्याची तयारी ठेवावी. गाडीवर असतानाच वेल्डिंग करायची वेळ आली, तर बॅटरीबरोबर सीडीआय किंवा ईसीयूचे (इग्निशन व इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यांचे) कनेक्टरही काढावेत.

नवा बोल्ट घालताना

भोकातली पांढरी भुकटी बारीक पॉलिश पेपर गुंडाळलेल्या काडीने काढावी. भोक मोठे करू नये. नवा बोल्ट कंपनीच्या मापाचा व जस्ताचा मुलामा असलेला घ्यावा. गंजत नाही म्हणून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट बसवण्याची पद्धत किनाऱ्यावर रुळली आहे, पण येथे ती उलट पडते: स्टेनलेस स्वतः शाबूत राहतो आणि त्याच्या संगतीत ॲल्युमिनियम अधिक वेगाने झिजतो, शिवाय बाजारात मिळणारा सामान्य स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा ताकदीने कमी असतो. जस्ताचा मुलामा ॲल्युमिनियमआधी स्वतः झिजतो, तेवढी वर्षे भोक वाचते.

बोल्टच्या सपाट दांड्यावर आणि भोकात पाण्याला न जुमानणारे मरीन ग्रीस भरपूर लावावे. मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवणसारख्या बंदरांजवळ बोटींच्या इंजिनांचे सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. आटे मात्र पुसून घ्यावेत, कारण मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांनाही ग्रीस लागले असेल तर तो पाचव्या हिश्श्याने कमी करावा, अन्यथा बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. डोके आणि नट बसल्यावर त्यांच्याभोवतीही ग्रीसचा एक थर द्यावा.

यानंतर दर वर्षी पावसाळा संपल्यावर बोल्ट एकेक करून बाहेर काढावा, पुसावा, ग्रीस लावून परत घालावा. एका वेळी एकच बोल्ट काढल्यास इंजिन उतरवावे लागत नाही. प्रेशर वॉशरचा फवारा फाउंडेशनच्या फटींवर धरू नये, तो खारट चिखल आत ढकलतो. फेरीबोटीवरून उतरल्यावर किंवा पुळणीवरून आल्यावर साध्या नळीने गोडे पाणी सोडणे पुरेसे आहे. मासळीच्या गाडीला क्रेटखाली काठ असलेला पत्र्याचा ट्रे बसवून त्याची नळी मागच्या मडगार्डच्या पलीकडे काढावी, आणि अशा गाडीचा मागचा बोल्ट वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, बाहेर काढून पाहावा.